मांडव मोठा, गाणं केवढं?

‘गीतरामायण’ कुणी गायलं, असं विचारलं तर बहुतेकांच्या तोंडी एकच नाव येतं: सुधीर फडके. उत्तर बरोबर आहे, पण अर्धंच. १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून त्यातलं पहिलं गाणं लागलं. तिथून पुढच्या रामनवमीपर्यंत दर आठवड्याला एक नवं गाणं, अशी छप्पन गाणी झाली. कल्पना सीताकांत लाडांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली फडक्यांच्या. गळे मात्र अनेकांचे होते. सीतेला माणिक वर्मांचा आवाज होता. वसंतराव देशपांडे, राम फाटक, मालती पांडे, ललिता फडके अशी मंडळी वेगवेगळ्या पात्रांसाठी गात होती. नभोवाणीवरचं संगीतक म्हणावं, असा तो घाट होता.

पुढं फडके हीच गाणी घेऊन व्यासपीठावर आले. समोर पेटी, जोडीला तबला आणि मोजके साथीदार. राम तेच, सीता तेच, कौसल्या तेच, हनुमान तेच. गावोगावी हे कार्यक्रम झाले, एचएमव्हीनं त्यांच्याच आवाजात सगळी गाणी ध्वनिमुद्रिकांवर आणली आणि बघता बघता नभोवाणीवरचं अनेक आवाजांचं ‘मूळ’ मागं पडलं. आज ज्याला आपण अस्सल गीतरामायण समजतो आणि ज्यात कुणी एक सूर इकडचा तिकडे केला तरी आपल्याला खटकतं, ते खरं तर मूळ गाण्यांची नव्यानं केलेली जिवंत मांडणीच आहे. तीही मुळापेक्षा लहान. गायक कमी, वाद्यं कमी, थाट कमी.

जुनं गाणं नव्यानं मांडायचं म्हटलं की हल्ली आधी आकार वाढतो. व्हायोलिनची रांग, कोरस, मागं एलईडी पडदा, धूर, दिव्यांची उघडझाप. महत्त्वाकांक्षा म्हणजे वाढीव सामान, असं एक समीकरण बसून गेलंय. मला ते मान्य नाही. मूळ गाण्यात एखादी गोष्ट अर्धवट राहिलेली असते, मूळ गाणाऱ्याला ती सुचलेली नसते किंवा तेवढा वेळ मिळालेला नसतो. नवी मांडणी त्या गोष्टीपर्यंत पोचते का, एवढंच मी बघतो. पोचत असेल तर एक पेटी पुरते. नसेल तर साठ वादक बसवूनही गाणं होतं तिथंच राहतं, फक्त आवाज वाढतो.

फडक्यांच्या एकट्यानं गाण्यात असं काय होतं? गीतरामायणाची चौकट आठवा. पहिल्याच गाण्यात लव आणि कुश रामापुढं उभे राहतात आणि रामाचीच कथा रामाला ऐकवतात. म्हणजे पुढची सगळी गाणी, मग ती सीतेची असोत, भरताची असोत नाहीतर शूर्पणखेची, त्या पोरांच्या तोंडून येतात. नभोवाणीनं ज्याला त्याला स्वतंत्र आवाज दिला. ऐकायला ते छान होतं, पण त्यात ही चौकट विरून गेली. एका माणसानं सगळं गायला घेतल्यावर ती परत उभी राहिली. कुणीतरी कथा सांगतोय आणि सांगता सांगता त्या त्या पात्रात शिरून परत बाहेर येतोय, हे मराठी श्रोत्याला नवं नव्हतंच. नारदीय कीर्तनकार पिढ्यान् पिढ्या हेच करत आलाय. एकाच उपरण्यानं तो पदर घेतो आणि त्याच उपरण्यानं कंबर कसतो. फडक्यांनी गीतरामायण कीर्तनाच्या अंगणात परत नेलं. गदिमांच्या शब्दांत ती सोय पहिल्यापासून होती, नभोवाणीच्या पात्रवाटपानं ती झाकली होती.

यात तोटा झाला नाही असं नाही. माणिकबाईंची सीता गेली. स्त्रीच्या गळ्यातला तो ठेहराव पुरुषाच्या आवाजात उतरत नाही, मग गळा फडक्यांचा का असेना. पण नव्या मांडणीत काहीतरी हातचं जातंच. काहीच न गमावता सगळं मिळवलं, असा कुणाचा दावा असेल तर त्यानं काही बदललेलंच नसतं.

आता जालना जिल्ह्यात येतो, कारण मूळ आणि नक्कल हा प्रश्न आमच्याकडं फार वेगळ्या प्रकारे उभा राहिला होता. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे समर्थ रामदासांचं जन्मगाव. १६०८ ची रामनवमी ही त्यांची जन्मतिथी. तिथल्या राममंदिरातल्या पिढीजात मूर्ती ऑगस्ट २०२२ मध्ये चोरीला गेल्या. जिल्हाभर हळहळ झाली, विधिमंडळापर्यंत विषय गेला आणि काही महिन्यांत पोलिसांनी मूर्ती शोधून आणल्या. दरम्यान कुणी म्हणालं असतं की काळजी नको, हुबेहूब तशाच नव्या घडवून देतो, तर गावानं त्याला पारावर बसू दिलं नसतं. मूर्ती तीच हवी. तिच्यावर पिढ्यांचा हात फिरलेला असतो, आणि ती जागा दुसरी मूर्ती घेऊ शकत नाही.

त्याच रामदासांचे मनाचे श्लोक मात्र कुणाचे, कुठले, कसे म्हटलेले ‘तेच’? धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात शंकरराव देवांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखितं जिवापाड सांभाळली, तेव्हा शब्दांची पोथी आपल्याकडं आहे. चालीची पोथी नाही. शाळेत परवच्याला म्हणायची चाल वेगळी, मठात वेगळी, आजीची आणखी वेगळी. चोराला उचलून नेता येईल असं इथं काही नाहीच. त्यामुळं ‘मूळ चाल बिघडवली’ अशी तक्रार करणाऱ्याला मी आधी विचारतो, की कुठली मूळ? बहुतेक वेळा तो लहानपणी ऐकलेल्या कॅसेटबद्दल बोलत असतो.

पण म्हणून काहीही चालतं, असंही नाही. चाल लिहिलेली नसली तरी शब्दांची बांधणी स्वतःच काही अटी घालते, आणि इथं अभंग आणि श्लोक यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. अभंग अक्षरं मोजतो. मोठ्या अभंगात सहा, सहा, सहा आणि चार. अक्षर ऱ्हस्व की दीर्घ, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. गाणारा कुठलंही अक्षर हवं तेवढं ओढू शकतो, आखडू शकतो, म्हणून अभंग कुठल्याही तालात मावतो. संतांनी तो अशाच कामासाठी केला असावा, असं मला वाटतं. दळताना, चालताना, नाचताना, हातात टाळ असो वा नसो, अडायला नको. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात आहेत. एक लघु, दोन गुरू, असं चार वेळा. मात्रा मोजल्या तर प्रत्येक गण पाच मात्रांचा आणि ओळ वीस मात्रांची. लघुगुरूची ती डुलती चाल शब्दांतच कोरलेली आहे. त्याखाली सरळ चार मात्रांचा ड्रमचा ठोका लावला की पहिल्या गणाला ठोका बरोबर बसतो, दुसऱ्यापाशी तो सरकतो, तिसऱ्यापाशी आणखी. मग गाणारा दीर्घ अक्षर मुडपतो नाहीतर ऱ्हस्व अक्षर ताणतो. ऐकणाऱ्याला नेमकं काय चुकलं ते सांगता येत नाही, पण श्लोक पाठ असलेल्या माणसाची जीभ अडखळते. मूळ किती ताणता येईल हे आधी मूळच सांगत असतं. नवी मांडणी करणाऱ्यानं एवढं तरी विचारून घ्यावं.

अभंगाचं ताणलं जाणं ज्यांनी पुरतं ओळखलं, ते भीमसेन जोशी. नामदेवांच्या ‘तीर्थ विठ्ठल’ला राम फाटकांनी अहिरभैरवात चाल लावली. हे फाटक म्हणजे गीतरामायणात गाणारेच. पुणे आकाशवाणीच्या ‘स्वरचित्र’ या कार्यक्रमासाठी ते असं काम करायचे. नभोवाणीच्या गाण्याला वेळ मोजका. ध्रुवपद, अंतरे, परत ध्रुवपद, संपलं. पुढं भीमसेनांनी ‘संतवाणी’च्या मैफिलींत हाच अभंग गायला तेव्हा त्याची लांबी कितीतरी वाढली. पण वाढवलं काय? शब्द एकही नाही. वाद्यांची भर म्हणावी तर टाळ आणि पखवाज. वाढला तो एकाच नामाचा मुक्काम. या अभंगाची रचनाच अशी आहे की प्रत्येक नात्याच्या, प्रत्येक गोष्टीच्या जागी विठ्ठल येतो. नभोवाणीवर हे नाम एखाद्या यादीसारखं भरभर येऊन जातं. मैफिलीत भीमसेन एकदा ते षड्जावर टेकवतात, पुढच्या खेपेला वरून खाली घसरत आणतात, मग मध्येच तोडून समेच्या अलीकडं सोडून देतात आणि सम टाळकऱ्यांवर सोपवतात. यादी संपते आणि धोशा सुरू होतो. नामदेवांनी तेच नाम इतक्यांदा का लिहिलं असेल, हे मला छापील गाथा वाचून उमगलं नव्हतं.

भीमसेनांनी हे केलं तेव्हा वारकऱ्यांत कुणी नाक मुरडलं नसेल असं नाही. फडावरचं भजन सगळ्यांचं असतं. मैफिलीत एक गातो, बाकीचे मान डोलावतात. बंदिशीच्या अंगानं अभंग गाणं म्हणजे पंगतीतलं जेवण उचलून हॉटेलात नेणं, हा आक्षेप मला अगदीच पोकळ वाटत नाही. तरीही मैफिलीतल्या श्रोत्याच्या टाळीला त्या गाण्यात जागा होती. ठेका इतका उघडा असायचा की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही हात कुठं मारायचा हे कळायचं.

परक्या मुलखातलं एक उदाहरण इथं चपखल बसतं. बीटल्सच्या १९६७ च्या ‘सार्जंट पेपर’ या तबकडीवर रिंगो स्टारनं गायलेलं एक साधं, हसतमुख गाणं आहे, ‘विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स’. मित्रांच्या आधारानं निभावून नेईन, एवढाच आशय. चाल चार मात्रांची, चालता चालता गुणगुणावी अशी. जो कॉकरनं ऑगस्ट १९६९ मध्ये वुडस्टॉकच्या माळावर ते गायलं तेव्हा लय पाडली आणि ठेका तीन-तीनच्या झोक्यात नेला. तेच शब्द, पण आता हा माणूस मित्र नसतील तर खरंच कोसळेल असं वाटायला लागतं. कॉकरच्या मागं फौज नव्हती. त्यानं ताल बदलला आणि रिंगोनं हसण्यावारी नेलेली भीती वर आली. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर केरव्याचा दादरा केला. एवढ्याशा कारागिरीनं गाण्याचं वय वाढलं.

आता आमच्याकडच्या मैदानावर या. मोंढ्याच्या आणि स्टीलच्या या जालना शहरात पैसा आहे, गर्दी आहे, आणि गेल्या काही वर्षांत मोठ्या मांडवातले भक्तिसंगीताचे कार्यक्रमही होऊ लागलेत. अशा एका कार्यक्रमात माझ्या शेजारी एक बाबा बसले होते, टोपी, बुक्का, गळ्यात माळ. ओळखीचा अभंग सुरू झाला तसे त्यांचे हात आपोआप पुढं आले. दोनेक टाळ्या पडल्या असतील नसतील, तेवढ्यात ड्रमवाल्यानं सोळाव्यात कापाकापी सुरू केली, बास गिटार उलट्या वजनावर गेली आणि बाबांचे हात हवेत थांबले. त्यांनी परत एकदा अंदाज घेतला. मग हात मांडीवर ठेवले आणि पडद्यावरची चित्रं बघत बसले. गाणारा तयारीचा होता, वादक कसलेले होते. बेसूर कुणीच नव्हतं.

खरी अडचण कानात होती, वादकांच्या. असे कार्यक्रम ‘क्लिक’वर चालतात. प्रत्येकाच्या इयरफोनमध्ये मोजणीची टिकटिक असते, कारण अर्धं संगीत आधीच भरून ठेवलेलं असतं आणि दिवे, पडदा सगळं त्याच मोजणीला बांधलेलं असतं. यात सोय आहे, शिस्त आहे. पण गायकाला एखाद्या जागेवर दोन आवर्तनं जास्त रेंगाळावंसं वाटलं तर मुभा नाही, यंत्र थांबत नाही. श्रोता पेटला तरी तेवढंच, न पेटला तरी तेवढंच. समोर बसून ऐकायचं कारणच मग उरत नाही. आमच्या जिल्ह्यात अंबडला दत्तजयंतीला शास्त्रीय संगीताचा उत्सव होतो, जुनी परंपरा आहे ती. तिथल्या बैठकीत तबलजी गायकाकडं बघत असतो, गायक श्रोत्यांकडं. मांडव त्यामानानं लहान, पण मोकळीक किती! जिवंत गाण्याची सगळी मिजास या बघण्यात आहे. हे बघणं काढून घ्यायचं आणि वर ‘लाइव्ह’ म्हणून तिकीट लावायचं, याला मी महत्त्वाकांक्षा म्हणणार नाही.

मोठेपणाशी माझं वैर नाही. अजय-अतुलनी ‘सैराट’साठी हॉलिवूडमध्ये जाऊन मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलं, ते ऐकताना कुणाला भपका वाटला नाही, कारण गाणी त्या आकारातच सुचलेली होती. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’सारख्या बँडनं गिटार-ड्रमवर अभंग घेतले, तेव्हा कॉलेजातली जी पोरं सप्ताहाच्या मांडवाकडं फिरकत नव्हती, त्यांना तुकोबांचे शब्द पाठ झाले. हे काम हलकं नाही. अभंगाची बांधणी हे सगळं सोसते, ते वर आलंच आहे. माझं म्हणणं एवढंच की गिटार आली म्हणून मांडणी नवी होत नाही आणि पखवाज आहे म्हणून ती खरी ठरत नाही.

पखवाजाच्या बाजूलाही आरसा दाखवायला हवा. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात गायनाचार्य हल्ली काय काय चाली घेतात ते ऐका. कीर्तनकार चरण सोडतो, मागं दोन रांगांत टाळकरी उभे, गायनाचार्य चाल उचलतो आणि दुसऱ्या आवर्तनाला पोरं एकमेकांकडं बघून हसतात, कारण चाल कालच्या लग्नात बँजोपार्टीनं वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्याची असते. जुने महाराज चिडतात. मला चिडावंसं वाटत नाही, कारण उसन्या चाली भजनात कायमच येत राहिल्या असणार. मात्र ती चाल अभंगाला काही देत नाही. ती आपल्या मूळ गाण्याची आठवण देते आणि तेवढ्यावर टाळी घेते. मोठ्या मांडवातला एलईडी पडदा आणि ही उसनी चाल यांत मला फारसा फरक दिसत नाही. दोन्हीकडं शब्द जागच्या जागी, आणि लक्ष दुसरीकडं.

याउलट ‘कट्यार काळजात घुसली’ बघा. दारव्हेकरांचं हे नाटक १९६७ मध्ये आलं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं. त्यात ‘घेई छंद मकरंद’ हे एकच पद दोन घराण्यांच्या गायकीत, दोन वेगळ्या चालींत येतं, आणि नाटकाचा सगळा झगडा त्या दोन चालींच्या मधल्या जागेत आहे. म्हणजे मूळ गाणं आणि त्याची नवी मांडणी, दोन्ही एकाच संगीतकारानं एकाच नाटकात ठेवली आणि प्रेक्षकाला निवाडा करायला बसवलं. मराठी रसिकाला तुलना करायची सवय नाही असं कोण म्हणेल? नाट्यसंगीतावर वाढलेला प्रेक्षक एकाच पदासाठी तीन गायकांच्या जागा लावून दाखवायचा. पुढं २०१५ च्या चित्रपटात ही जोडी शंकर महादेवन आणि राहुल देशपांडे यांच्या गळ्यांतून परत उभी राहिली आणि पन्नास वर्षांपूर्वीची भांडणं घराघरांत नव्यानं लागली.

असं भांडण लावण्याजोगी मांडणी समर्थांच्या श्लोकांची अजून व्हायची आहे, असं मला फार वाटतं. व्हायोलिनं नकोत, पडदा नको. ज्या पाच मात्रांना आपण आजवर केरव्यात कोंबत आलो, त्या पाच मात्रा धरून बघा. झपताल दहा मात्रांचा: दोन, तीन, दोन, तीन. मनाच्या श्लोकाची ओळ वीस मात्रांची, म्हणजे नेमकी दोन आवर्तनं. ओळ समेवरून न उचलता तिसऱ्या मात्रेवरून उचलायची. पहिला गण तिसरी ते सातवी मात्रा घेतो. दुसऱ्या गणाचा लघु आठवीवर, पहिला गुरू नववी-दहावीवर आणि शेवटचा गुरू थेट समेवर येऊन बसतो. तिसरा-चौथा गण परत तसेच. ओळीत दोनदा सम आणि दोन्ही वेळा दीर्घ अक्षर, कुठं मुडपणं नाही, ताणणं नाही. समोर पखवाज, एक तंबोरा आणि म्हणायला शाळेतली चाळीस पोरं. पहिल्या चार ओळी चुकतील, कारण समेवरून उठायची सवय आहे. पाचव्या ओळीपासून मांडीवर ताल धरायला हरकत नाही.